करवंटीतले दहा गुंठे

मागच्या अंकात घरच्या पाण्याच्या फिल्टरबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहून गेले होते. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय (म्हणजे आतल्या बारीक फटी वाफेनं मोकळ्या केलेल्या) कोळशाच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठफळ (आतबाहेरच्या सगळ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ) असतं आणि ते नायट्रोजन वायूनं मोजतात, असं ते वाक्य. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देते आहे. निवृत्त होऊन गावी येईपर्यंत २६ वर्षं मी हेच मोजमाप करत होते. त्यामुळे उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. वाडीवाडीतून करवंट्या गोळा करून पिंपात कोळसा करतो. एका व्यापाऱ्यानं आमचा कोळसा तपासून आणला. कागदावर ‘बीईटी पृष्ठफळ १८ चौरस मीटर प्रति ग्रॅम’ असं आहे. ‘हजार पाहिजे, हा माल काही कामाचा नाही’ म्हणून तो निम्माच भाव देतोय. तुम्हीही हजारच लिहिलंय. आमचं कुठे चुकलं? आणि चिमूटभर कोळशात हजार चौरस मीटर मावतात तरी कसे?

उत्तर : तुमचं कुठेही चुकलेलं नाही. कागदावरचा आकडाही बहुधा खरा असेल. चुकलंय ते कच्च्या कोळशाकडे सक्रिय कोळशाचं पृष्ठफळ मागण्यात. ते नीट कळायला आधी हे मोजतात कसं ते पाहू.

तुमच्याकडे खळ्यात सुपारी वाळत घालतात. समजा, त्या खळ्याचं क्षेत्रफळ काढायचंय, पण टेप नाही आणि खळंही वेडंवाकडं, दहा कोपऱ्यांचं. मग काय कराल? सुपारी एकथरी, एकीला एक खेटून पसरायची आणि नंतर गोळा करून मोजायची. एक सुपारी किती जागा अडवते ते ठाऊक असलं की नुसता गुणाकार उरतो. कोळशाच्या आतल्या भिंतींना टेप लावता येत नाही, म्हणून तिथे सुपारीच्या जागी नायट्रोजनचे रेणू पसरायचे. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). रेणू भिंतीला धरून राहावेत म्हणून कोळशाची काचेची नळी उकळत्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला बुडवून ठेवतात. वायू इथे भिंतीत मुरत नाही, भिंतीवर बसतो. पुस्तकांत याला कुठे अधिशोषण म्हटलेलं सापडेल, कुठे पृष्ठशोषण. मला दुसरा शब्द जवळचा वाटतो, कारण जे घडतं ते पृष्ठावर घडतं हे तो शब्दच सांगतो.

रेणू दिसत नाहीत, मग मोजायचे कसे? ठाऊक असलेल्या आकारमानाच्या भांड्यात वायू भरायचा, दाब वाचायचा आणि नळीकडची झडप उघडायची. नळीतल्या मोकळ्या जागेत वायू पसरला की दाब उतरणारच. तो किती उतरायला हवा हे गणितानं काढता येतं, कारण मोकळी जागा किती ते हीलियमनं मोजून ठेवलेलं असतं. हीलियम कोळशावर जवळजवळ बसतच नाही. प्रत्यक्षात दाब हिशेबापेक्षा जास्त उतरतो. तो जो फरक, तेवढा वायू कोळशानं धरून ठेवला. मग आणखी थोडा वायू सोडायचा, दाब स्थिर होईपर्यंत थांबायचं, पुन्हा वाचायचं. कोळशाचा एक नमुना कधीकधी पूर्ण दिवस आणि रात्र घेतो. सकाळी द्रवरूप नायट्रोजन थर्मासमध्ये ओतायला लागलं की पांढरं धुकं पायांवर उतरायचं आणि सांडलेले थेंब फरशीवर मण्यांसारखे पळायचे. २६ वर्षांत ते बघायचा मला एकदाही कंटाळा आला नाही.

यात एक मोठी अडचण होती. सुपारीचा थर तुम्ही हातानं सारखा करता. रेणूंचा थर कोण सारखा करणार? पहिला थर भरायच्या आतच काही रेणू आधी बसलेल्यांच्या डोक्यावर चढतात. एकाच थराचं गणित अर्व्हिंग लँगम्यूरनं १९१८ साली मांडलं होतं, पण ते थरावर थर चढले की लागू पडत नाही. पुढे वॉशिंग्टनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत स्टीफन ब्रुनॉवर आणि पॉल एमेट अमोनिया बनवायच्या लोखंडी उत्प्रेरकाचं पृष्ठफळ शोधत होते. दाब आणि धरलेला वायू यांचा आलेख जिथे गुडघ्यासारखा वाकतो तिथे पहिला थर पुरा झाला, असं ते धरून चालत. एडवर्ड टेलर त्यांना येऊन मिळाला (हायड्रोजन बॉम्बमुळे पुढे ज्याचं नाव झालं तोच) आणि तिघांनी १९३८ साली समीकरण दिलं. कल्पना अशी की पहिल्या थराला भिंत धरून ठेवते आणि वरच्या थरांना खालचे रेणूच धरतात, म्हणून दोन्हींची पकड वेगळी. पकडीतल्या या फरकावरून, थर एकमेकांवर चढलेले असतानाही, पहिल्या थरात किती रेणू मावतात ते काढता येतं. तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं म्हणजे तुमच्या कागदावरचं बीईटी.

आता हजाराचा हिशेब. शून्य अंशाला आणि एका वातावरणाच्या दाबाला मोजलेला एक घन सेंटीमीटर नायट्रोजन एकथरी पसरला तर ४.३५ चौरस मीटर झाकतो. चांगल्या सक्रिय कोळशाचा ०.१ ग्रॅम, म्हणजे नखावर राहील एवढा, पहिल्या थरात २३ घन सेंटीमीटर वायू धरतो. २३ गुणिले ४.३५ म्हणजे १०० चौरस मीटर. ग्रॅमला झाले हजार. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, तेव्हा एका ग्रॅममध्ये जवळजवळ दहा गुंठे आणि चार ग्रॅममध्ये एकर. याच्या शेजारी किनाऱ्यावरची वाळू ठेवून बघा. ०.२ मिलिमीटर व्यासाचे गोल कण धरले तर एक ग्रॅम वाळूच्या सगळ्या कणांचं पृष्ठफळ मिळून ११३ चौरस सेंटीमीटर भरतं. एका पोस्टकार्डाहूनही थोडं कमीच. वाळूचं सगळं बाहेर असतं, कोळशाचं सगळं आत.

तुमच्या कोळशातही आत आहे. पण करवंटी पिंपात कमी हवेवर जळते तेव्हा तयार होणाऱ्या फटी फार अरुंद असतात आणि त्यांच्या तोंडाशी डांबरासारखा चिकट भाग बसलेला असतो. उणे १९६ अंशाला नायट्रोजनचे रेणू गारठून इतके मंदावतात की अर्ध्या नॅनोमीटरच्या फटीत शिरायला त्यांना फार वेळ लागतो. यंत्र तेवढं थांबत नाही. जे रेणू दारातच राहिले त्यांची आतली जागा मोजली जात नाही. याच कोळशावर शून्य अंशाला कार्बन डायऑक्साइड सोडून मोजलं तर आकडा अनेकदा शेकड्यांत जातो, कारण त्या तापमानाला रेणू चपळ असतात आणि अरुंद फटींतही पोचतात. कोळसा तोच, वायू बदलला, आकडा बदलला. म्हणून कोणता वायू आणि किती तापमान हे लिहिलेलं नसेल तर नुसत्या आकड्यावर माझा भरवसा बसत नाही. तुम्हीही ठेवू नका.

हजार करायचे तर कोळसा सक्रिय करावा लागतो. ८०० ते १००० अंशांच्या भट्टीत त्यावर पाण्याची वाफ सोडतात. वाफ कार्बनला खाते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघून जातात, फटी मोकळ्या होतात, रुंदावतात. या खटाटोपात निम्म्याच्या आसपास कोळसा उडून जातो. हे पिंपात होत नाही आणि कृपा करून करून बघू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

सक्रिय कोळशाचे कारखाने तुमच्यासारखाच कोळसा कच्चा माल म्हणून घेतात. त्या मालाला विचारायचे प्रश्न निराळे आहेत. ओलावा किती, राख किती, तापवल्यावर उडून जाणारा भाग किती, उरणारा स्थिर कार्बन किती. या चार गोष्टी तपासून घ्यायला खर्चही कमी येतो. तुमच्या हातात आहे ते एवढंच की करवंटीला चिकटलेलं सोडण, म्हणजे काथ्याचं साल, काढून टाका, त्यानं राख वाढते. आणि पेटतं पिंप समुद्राच्या किंवा मचूळ विहिरीच्या पाण्यानं विझवू नका, मीठ कोळशात राहतं. झाकण घालून कडा ओल्या मातीनं लिंपा, आपोआप विझेल. पुढच्या वेळी व्यापाऱ्यानं बीईटीचा कागद दाखवला तर त्याला शांतपणे विचारा, ‘राख किती आली?’

करवंटीच्या कोळशाला कमी लेखलेलं मला सहन होत नाही, त्याला कारण आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स ड्यूअरनं नारळाचा कोळसा द्रवरूप हवेत गार करून भांड्यातली उरलीसुरली हवा त्याच्याकडून ओढून घेतली आणि तोवर अवघड वाटणारी निर्वात पोकळी मिळवली. ज्या दुहेरी भिंतीच्या थर्मासमध्ये आम्ही नायट्रोजन ओततो तोही त्याचाच. आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचाच कोळसा उत्तम ठरला. करवंट्या पुरेनात, तेव्हा १९१८ साली अमेरिकेत लोकांकडून पीचच्या बिया आणि कठीण कवचाच्या फळांची टरफलं गोळा केली गेली. तुम्ही ज्या करवंट्या चुलीतून वाचवता, त्यांची किंमत तुम्हाला ठाऊक असावी म्हणून हे सांगितलं.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ आमची विहीर आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. करवंटीच्या सक्रिय कोळशाचा जाड थर टाकून पाणी गाळलं तर खारटपणा जाईल का? दहा गुंठे म्हणजे भरपूर जागा झाली.

उत्तर : नाही जाणार. जागा भरपूर असली तरी तिथे बसायची इच्छा कुणाला आहे हे बघावं लागतं. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे कण पाण्यालाच घट्ट धरून असतात, कोळशाच्या भिंतीचं त्यांना आकर्षण नाही. कोळसा क्लोरीन, वास, रंग आणि बरीचशी सेंद्रिय घाण धरतो. खारटपणासाठी आरओचं यंत्र लागेल, किंवा छपरावरचं पावसाचं पाणी साठवा. उन्हाळ्यात पंप कमी वेळ चालवून बघा, उपसा जास्त झाला की समुद्राचं पाणी आत सरकतं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. कोळशानं गाळलेलं पाणी जंतुमुक्त होत नाही. जंतू साधारण एक मायक्रोमीटरचा, कोळशातलं रंध्र दोन नॅनोमीटरचं, म्हणजे जंतू दारापेक्षा पाचशेपट मोठा. तो आत जाऊन अडकत नाही. उलट जुन्या ओल्या कोळशावर जंतू वाढू शकतात. पाणी उकळूनच प्या.

प्रश्न : काकू, मी रत्नागिरीत एमएस्सी करतो. भाताच्या तुसापासून सिलिका तयार करून पाच नमुने दोन ठिकाणी तपासून घेतले. एकाच नमुन्याला एकीकडे २४० चौरस मीटर आलं, दुसरीकडे २०६. शिवाय पाचही नमुन्यांच्या रंध्रांच्या आलेखात ३.८ नॅनोमीटरला एक उंच सुळका आहे. सर म्हणाले, छान, पाचही नमुने एकसारखे झालेत. पण मी पाचही वेगवेगळ्या पद्धतीनं केले होते. मला शंका येते.

उत्तर : शंका आली हे फार चांगलं झालं. ती सोडू नकोस.

आधी दोन आकड्यांचं बघू. २४० आणि २०६ यांत १४ टक्क्यांचा फरक आहे, आणि हे १४ टक्के माझ्या मनात कायमचे कोरलेले आहेत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, जुलै महिन्यात, एका छोट्या कारखानदाराचा सक्रिय कोळसा माझ्याकडे आला. मी ०.१ ग्रॅम तोलून नळीत घातला, तापवून साफ केला, मोजला. ग्रॅमला ८६० आले. त्याच्या गिऱ्हाइकाची अट ९५०ची होती. माल परत गेला. आठवड्यानं बूच लावून ठेवलेली तीच नळी हातात आली आणि मी सहज ती तराजूवर ठेवली. आत ०.०८६ ग्रॅमच कोळसा होता. पावसाळी हवेतून त्यानं १४ टक्के पाणी ओढून घेतलं होतं. मी पाण्यासकट तोललं, तापवताना पाणी उडून गेलं, आणि पृष्ठफळाला भागताना मात्र वजन पाण्यासकटचं घेतलं. ०.०८६नं भागलं तर बरोबर हजार येत होते. मी वरिष्ठांना सांगितलं, कारखानदाराला पत्र लिहिलं, नवा दाखला पाठवला. तोवर त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं. त्यानंतर साफ केल्यावरचं वजन वहीत लिहिल्याशिवाय मी एकही नमुना यंत्राला लावला नाही.

सिलिका तर पाण्याची कोळशाहून जास्त भुकेली. म्हणून दोन्ही ठिकाणी विचार: नमुना किती तापमानाला, किती तास साफ केला आणि वजन आधीचं घेतलं की नंतरचं? सिलिकाला १५० ते २०० अंश आणि निर्वातात रात्रभर, हे साधारण बरं. तापवताना शक्य असेल तर जवळ उभा राहून बघ. नायट्रोजनच्या झोतात साफ करत असतील तर शंभर अंशांच्या पुढे नळीच्या मानेशी, जिथे काच गार असते तिथे, दवासारखे बारीक थेंब धरतात. सुकं दिसणाऱ्या पांढऱ्या भुकटीतून ते थेंब येताना एकदा पाहिले की वजनाचा धडा पुन्हा शिकावा लागत नाही. निर्वात करताना मात्र घाई नको. पंप एकदम उघडला तर भुकटी उसळून नळीभर उडते.

रिकामी नळी तोलण्यातही एक खाच आहे. २० घन सेंटीमीटरच्या नळीत २४ मिलिग्रॅम हवा असते. रिकामी नळी हवेसकट तोलली आणि नमुना घातलेली नळी निर्वात करून तोलली, तर ०.१ ग्रॅमच्या नमुन्यात जवळजवळ पाव हिश्श्याची चूक झाली. दोन्ही वेळा नळी नायट्रोजननं भरूनच तोलायची.

आता तो सुळका. सापेक्ष दाब (म्हणजे त्या तापमानाला वायूचा एरवी द्रव होतो त्या दाबाच्या तुलनेतला दाब) वाढत गेला की रेणू नुसते थरावर थर चढत नाहीत. बारीक रंध्रांत त्यांचा द्रव होतो, तोही नेहमीच्या दाबाच्या आधीच, आणि रंध्र जितकं अरुंद तितका लवकर. ज्या दाबाला रंध्र भरलं त्यावरून त्याची रुंदी काढतात. १९५१ साली बॅरेट, जॉयनर आणि हॅलेंडा यांनी दिलेली ती रीत, तुझ्या अहवालात बीजेएच म्हणून असेल. दाब उतरवताना मात्र रंध्र त्याच वाटेनं रिकामं होत नाही. पोट मोठं आणि तोंड अरुंद असलेल्या तांब्यासारखं रंध्र असेल तर तोंडातला द्रव जाईपर्यंत पोटातला अडकून राहतो. म्हणून भरतानाची आणि रिकामं होतानाची रेघ वेगळी पडून मध्ये फास तयार होतो.

पण अडकून राहण्यालाही मर्यादा आहे. सापेक्ष दाब ०.४२च्या आसपास आला की उणे १९६ अंशाचा द्रव नायट्रोजन तो ताण सोसूच शकत नाही. त्यात आपोआप बुडबुडे होतात आणि तोंड कितीही अरुंद असलं तरी रंध्र एका झटक्यात रिकामं होतं. बीजेएचच्या गणिताला हे कळत नाही. ते त्या झटक्याचं भाषांतर ३.८ नॅनोमीटरची रंध्रं असं करतं. पाच वेगळे नमुने, पाचांतही तोच सुळका, कारण पाचांतही नायट्रोजन तोच. तो सुळका तुझ्या सिलिकाचा नाही, नायट्रोजनचा आहे. खात्री करायची तर भरतानाच्या रेघेवरून आलेख काढ. तिथेही सुळका दिसला तर खरा मान, नाही दिसला तर सोडून दे. कुठे आर्गॉन वापरून उणे १८६ अंशाला मोजून मिळालं तर फारच छान. सूक्ष्म रंध्रांसाठी २०१५पासून रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही आर्गॉनचीच आहे.

शेवटचं. अहवालातल्या एका आकड्यावर समाधान मानू नकोस, दोन्ही ठिकाणांहून आलेखाचे सगळे बिंदू मागून घे. बीईटीची सरळ रेघ कोणत्या बिंदूंमधून ओढली ते बघ. तुझ्या सिलिकाला सापेक्ष दाबाचा ०.०५ ते ०.३० हा नेहमीचा पट्टा चालेल. सक्रिय कोळशाला तो चालत नाही, त्याची सूक्ष्म रंध्रं त्याआधीच भरून गेलेली असतात, तिथे बिंदू बरेच खालून घ्यावे लागतात. आणि बीईटी समीकरणातला ‘सी’ नावाचा स्थिरांक ऋण आला असेल तर ती रेघ चुकीच्या बिंदूंमधून गेली आहे, पृष्ठफळ कितीही देखणं असो. हे सगळं सरांसमोर आलेख ठेवूनच बोल. दोन आलेख शेजारी ठेवले की फार बोलावं लागत नाही.

प्रश्न : मी कुडाळकडचा गवंडी. तुमचा लेख नातीनं वाचून दाखवला. आमच्या जांभ्याच्या चिऱ्याक बोट जायत येवडी भोकां आसत, मगे तेचां क्षेत्रफळ कोळशापेक्षा जास्त कशाक नाय?

उत्तर : बाबा, आलेल्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हा. उत्तर असं की भोक मोठं असल्यानंच क्षेत्रफळ कमी.

एक सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल असं एक चौकोनी भोक घ्या. आतल्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटीमीटर. आता तेवढीच पोकळी एक नॅनोमीटरच्या चिमुकल्या चौकोनी भोकांत वाटून टाका. कागदावरच्या हिशेबानं त्यांच्या भिंती मिळून ६००० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ दीड एकर. पोकळी तेवढीच, भिंती वाढल्या. मोठ्या खोलीत आडव्या-उभ्या भिंती घालून चार खोल्या केल्या की गिलावा वाढतो, हे मी तुम्हाला काय सांगणार.

शास्त्रात दोन नॅनोमीटरच्या आतलं रंध्र सूक्ष्म, दोन ते पन्नासच्या मधलं मध्यम आणि त्यावरचं स्थूल. तुमच्या बोटाएवढी भोकं नायट्रोजनला दिसतच नाहीत, त्याच्या लेखी ते नुसतं अंगण. मोठी रंध्रं मोजायची तर पारा दाबून आत घालतात. साध्या हवेच्या दाबाला पारा १२ ते १५ मायक्रोमीटरहून मोठ्याच भोकांत शिरतो, त्याहून बारीक भोकांना जास्त दाब लावत जायचा.

पण तुमचा चिरा अगदीच मोकळा नाही. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. ती आणि त्यातली माती फार बारीक कणांची असतात. चिऱ्याचा भुगा नायट्रोजननं मोजला तर ग्रॅमला साधारण वीस-तीस चौरस मीटर मिळतात. म्हणजे गुहागरच्या बायकांच्या कच्च्या कोळशाला तो नायट्रोजनच्या मापात बरोबरीनं येईल आणि किनाऱ्यावरच्या वाळूच्या हजारपटीनं पुढे असेल. ते पृष्ठफळ भोकांमुळे नाही, भोकांच्या मधल्या त्या तांबड्या भिंतीमुळे आहे. फ्रान्सिस ब्यूकॅनननं १८०७ साली मलबारात याच जातीच्या दगडाला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. ओला असताना पातीनं कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो, हे त्यानं पाहिलं होतं. तुम्ही तर रोजच बघता.

भोकांत किती पोकळी आहे हे मात्र तुम्ही घरीच मोजू शकता. चिऱ्याचा एक तुकडा आठ दिवस कडक उन्हात वाळवा आणि वजन करा. मग बादलीत पूर्ण बुडवून दोन रात्री ठेवा. बाहेर काढा, वरचं पाणी ओल्या फडक्यानं टिपा आणि लगेच पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम वाढले तितके घन सेंटीमीटर पाणी आत शिरलं. मोठ्या भोकांतलं पाणी काढताना गळून जातं, ते यात धरलं जाणार नाही. खाणीच्या वरच्या थरातला एक आणि खालच्या थरातला एक, असे दोन तुकडे घ्या. नातीला वहीत लिहायला सांगा आणि आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आत मला आकडे कळवा.